बॅटरीमास्तरांचं मत

त्यांना सगळे बॅटरीमास्तर म्हणायचे. मास्तर ते कधीच नव्हते. कुठल्याही शाळेत त्यांनी कुणाला धडा शिकवला नव्हता. एका जुन्या सिनेमागृहात अंधारात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायचं काम ते करायचे. उशिरा आलेल्यांना पायापुढे उजेड दाखवायचा आणि कुणी कुजबुजायला लागलं की दबक्या आवाजात दटावायचं, "गप्प बसा, तुमच्यापेक्षा पुढचा शहाणा आहे." त्या दटावण्यामुळे त्यांना कुणीतरी मास्तर केलं. पुढे डोळ्यांना चष्मा लागला. चष्मेवाल्याला पोरंटोरं बॅटरी म्हणतातच, त्यामुळे ते नाव त्यांना दोन्हीकडून बसलं.

त्यांची जागा ठरलेली होती. पडद्याच्या डाव्या अंगाला, बाजूच्या दाराला लागून एक लाकडी स्टूल होतं. त्यावर पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं. नोकरीला लागले त्या दिवशी मालकांनी सांगितलं होतं, "पडदा बघायला लोक तिकीट काढतात. तुला मी लोक बघायला ठेवलंय." कुणी पुढच्या खुर्चीवर पाय टाकतो का, कुणी बिडी पेटवतो का, कुणाला भोवळ येते का, यावर नजर ठेवायची. तरुणपणी मास्तरांनी हा हुकूम इतका मनावर घेतला की पुढे सवयच पडली. सिनेमा त्यांना कानांनी कळायचा आणि लोकांच्या चेहऱ्यांवरून दिसायचा. मारामारी सुरू झाली की माणसं खुर्चीत पुढे सरकायची. रडण्याचा प्रसंग जवळ आला की आधी खोकला सुरू व्हायचा, कारण पुरुषांना रडू फुटायला लागलं की ते खोकतात. पडद्यावरचा उजेड कधी निळा, कधी पिवळा होऊन शेकडो तोंडांवर पसरायचा, आणि मास्तरांना त्यातून सगळी गोष्ट समजायची.

दुसरं एक काम त्यांच्याकडे आपसूक आलं. खेळ सुटला की ते दार उघडून उभे राहायचे आणि बाहेर पडणारे लोक काय बोलतात ते ऐकायचे. मग मालकांच्या खोलीत जायचं. मालक आरामखुर्चीत रेलून विचारायचे, "काय म्हणतायत?"

मास्तर सांगायचे. तिखटमीठ न लावता, ज्याच्या त्याच्या आवाजात. शिंप्याचं बोलणं शिंप्यासारखं, वकिलाचं वकिलासारखं. मालक डोळे मिटून ऐकायचे आणि सिनेमा पुढच्या आठवड्यात ठेवायचा की उतरवायचा ते ठरवायचे. मास्तरांना ते कधी विचारायचे नाहीत की तुला काय वाटलं. मास्तरांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. निरोप्याला कुणी निरोपाबद्दल मत विचारतं का?

असं चाललेलं असताना राक्षसांचा सिनेमा आला.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला राक्षसांचा सिनेमाच म्हणायचे. गोष्ट साधी होती. राणी आजारी पडते, आणि एक तरुण नावाडी तिच्यासाठी दूरच्या झऱ्याचं पाणी आणायला निघतो. वाटेत त्याला पंखांचा साप भेटतो, मग दगडी विंचू, आणि शेवटी झऱ्याची राखण करणारा दलदलीतला राक्षस. तीन पुरुष उंच, अंगावर शेवाळ, खांद्यांवर लव्हाळी उगवलेली, एका पायात लोखंडी कडं. लोकांनी त्याचं नाव पाडलं दलदल्या. नावाडी त्याला फसवून खोल चिखलात नेतो, दलदल्या बुडतो, आणि नावाडी पाणी घेऊन परत येतो. हे राक्षस म्हणजे बाहुल्या होत्या. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो घ्यायचा, परत केसभर हलवायचा, परत फोटो घ्यायचा. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुली चालायला लागते. हे मास्तरांना नाक्यावरच्या फोटोग्राफरनं सांगितलं होतं. तो हा सिनेमा बघून बाहेर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला होता, "ज्यानं हे केलं त्याच्या बायकोनं काय सोसलं असेल."

दारात उभं राहून मास्तरांनी तेव्हा जेवढी मतं ऐकली तेवढी दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला ऐकली नाहीत. प्रत्येकाला आपापल्या धंद्याचा राक्षस दिसला होता. शिंपी म्हणाला, त्याच्या काखेत शिवण दिसते. खाटीक म्हणाला, मांड्या बरोबर आहेत, पण पोटरी असली नसते. एक शिक्षिका म्हणाल्या, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल, आणि पुढच्या रविवारी मुलांना घेऊन परत आल्या. एक म्हातारा रोज म्हणायचा, "झटके देत चालतो, मला लकवा झाला होता तेव्हा मी चालायचो तसा." आणि रोज यायचा. मास्तर हे सगळं मालकांना ऐकवायचे. मालक म्हणायचे, "ठेवा अजून एक आठवडा."

दलदल्या बुडायचा तेव्हा टाळ्या पडायच्या. पण त्याच्या थोडं आधी एक जागा अशी होती की तिथे सगळं थिएटर चिडीचूप व्हायचं. ना वाद्य वाजायचं, ना संवाद असायचा. नुसती तोंडं, आणि त्यांच्यावर हिरवट उजेड. पोरं चघळायची थांबायची. मास्तरांना वाटायचं, इथे काहीतरी मोठं घडत असणार. डोंगर कोसळत असेल, नाहीतर तलवार उपसली जात असेल. मागे वळून बघावं असं मनात यायचं, पण तोवर ती जागा निघून जायची.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक तरुण मुलगी दुपारच्या खेळाला आली होती. बाहेर पडताना ती मैत्रिणींशी तावातावानं बोलत होती. "त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? गुमान आपली राखण करत बसला होता." मैत्रिणी हसल्या. मास्तरांनी ते वाक्य मालकांना ऐकवलं तेव्हा मालकही हसले.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. दलदल्या चिखलाकडे निघाला तशी अंधारात उठली आणि चाचपडत बाजूच्या दाराशी आली. मास्तरांनी बॅटरी तिच्या पायाशी धरली.

"बाई, सिनेमा संपला नाही अजून."

"माहीत आहे. म्हणूनच जातेय."

त्यांनी दार उघडलं. पुढच्या वेळी तिनं सांगायच्या आधीच त्यांनी ते उघडलं. त्याच्या पुढच्या वेळी ती उंबऱ्यात थांबली. तिच्या बोटांना काच घासायची पांढरी पूड लागलेली होती.

"तुम्ही तर रोज बघता. तुम्हाला काय वाटतं, त्याला बुडवायला हवं होतं का?"

"लोकांना आवडतं. टाळ्या पडतात तिथे."

"मी लोकांचं नाही विचारलं."

मास्तर गडबडले. "मी तो बघितलेलाच नाही," ते म्हणाले.

आधी तिला खरं वाटेना. मग त्यांचं ते स्टूल, त्याची दिशा आणि त्यांचं अपराधी तोंड बघून तिला इतकं हसू आलं की दाराला धरून उभं राहावं लागलं. आतून दोघाचौघांनी शुक् शुक् केलं. वर्ष सरायच्या आत त्यांचं लग्न झालं.

संसार चांगला झाला. भांडणं फारशी नव्हती, कारण भांडायला दोन मतं लागतात. बायको विचारायची, "अहो, भाजीत मीठ बरोबर पडलंय का?" मास्तर एक घास खायचे आणि लेकीच्या तोंडाकडे बघायचे. तिनं नाक मुरडलं तर म्हणायचे, जरा जास्त झालंय. मुलीचं नाव ठेवताना त्यांनी अख्ख्या जिन्याला विचारलं होतं. खोलीला रंग कुठला द्यायचा, सुट्टीत कुठे जायचं, काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. शेजारचे काय म्हणतात, मालक काय म्हणतात, परवा एक गिऱ्हाईक म्हणत होतं. बायको कधी हसायची, कधी चिडायची. एकदा ती भांडी विसळता विसळता शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझ्याशी लग्न केलंत तेसुद्धा कुणी म्हणालं म्हणून का?" मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं. पण मग कशामुळे केलं, ते त्यांना सांगता आलं नाही. तिनंही पुढे विचारलं नाही.

राक्षसांचा सिनेमा काही वर्षांच्या अंतरानं परत परत यायचा. दर वेळी लोक वेगळं बोलायचे. दुसऱ्या खेपेला कॉलेजची पोरं खो खो हसली. म्हणाली, दोऱ्या कुठे बांधल्यात ते तेवढं सांगा. तिसऱ्या खेपेला तीच पोरं आपापली मुलं घेऊन आली आणि मुलं घाबरत नाहीत म्हणून हिरमुसली. एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "अरे, आम्ही याला बघून आठवडाभर दिवा लावून झोपायचो." मुलगा म्हणाला, "मग तुम्ही भित्रे होता." मास्तरांनी हेही मालकांना ऐकवलं. मालक आता थकले होते. म्हणाले, "मास्तर, सिनेमा तोच आहे ना रे? रीळ बदललं नाही ना कुणी?"

मालक गेले, त्यांच्या मुलांनी थिएटर विकलं. तिथे आता चारमजली दुकानं झाली. मास्तर घरी बसले. टीव्हीवर कधी सिनेमा लागला की बायको पडद्याकडे बघायची आणि मास्तर बायकोकडे. ती म्हणायची, "अहो, तिकडे बघा ना." ते बघायचे, पण थोड्या वेळानं नजर परत तिच्या तोंडावर यायची. त्यांना त्यातूनच जास्त कळायचं.

मग बायकोही गेली. भेटायला येणारे विचारायचे, कशी होती शेवटी. मास्तर सांगायचे, डॉक्टर म्हणत होते फार सोशिक होती, दुकानातले म्हणत होते तिच्या हाताला सफाई होती, खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणत होत्या असं माणूस परत होणे नाही. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ होती. लोक निघून गेले की ते रिकाम्या खोलीत बसायचे. स्वतःचं म्हणून एक वाक्य शोधायचे आणि ते त्यांना सापडायचं नाही.

लेक आता चाळिशीला आली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून इमारती पालथ्या घालायची. या नोकरीला ती लागली तेव्हाही मास्तरांनी जिन्याचं मत घेतलं होतं. जिना म्हणाला होता, पोरीच्या जातीला हे काम नाही. लेकीनं ते ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली होती. तिला बापाचा स्वभाव आईकडून वारशानंच समजलेला होता.

तिच्याबरोबर काम करणारा एक माणूस घरी यायला लागला. कामावर त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा सुरू झाला की थांबायचा नाही म्हणून. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं न विचारता गळका नळ दुरुस्त केला, आणि तेवढ्या वेळात आपल्या आजोळची, आपल्या मोडलेल्या दाताची आणि जगातल्या सगळ्यात जुन्या लिफ्टची गोष्ट सांगितली. तो गेल्यावर लेकीनं विचारलं, "कसा वाटला?"

"समोरच्या काकू म्हणाल्या, हसतमुख आहे."

"आणि तुम्हाला?"

"चांगला आहे की. लोकांना आवडेल असा आहे."

"बाबा, लग्न लोकांना करायचं नाहीये."

ती दाराला कडी न लावताच निघून गेली. मास्तर बराच वेळ त्या उघड्या दाराकडे बघत बसले. खरंच, तो माणूस आपल्याला आवडला की नाही? त्यांनी मनात चाचपून बघितलं. आत अंधारच होता.

एका रविवारी रेडिओ बातमी घेऊन आला. "काका, वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमचा सिनेमा लागणार आहे. राक्षसांचा. सिनेमाचा क्लब आहे त्यांचा. दुपारी दाखवतात आणि मग सगळे बसून चर्चा करतात. आपण तिघं जाऊ." मास्तर नको म्हणाले नाहीत. नको म्हणायची त्यांना सवय नव्हती.

हॉल लहान होता. पांढऱ्या भिंतीवर पडदा लावलेला, घडीच्या खुर्च्या. मधल्या रांगेत लेक बसली, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला रेडिओ. दिवे गेले आणि मास्तरांची मान आपोआप मागे वळली. त्यांनी मागच्या रांगेवरून नजर फिरवली. सगळे बसलेत, पाय खाली आहेत, ठीक आहे. मागच्या बाईंनी विचारलं, "काही हवंय का, काका?" मास्तर ओशाळले आणि पुढे बघायला लागले. लेकीनं त्यांच्या हातावर हात ठेवला, म्हणजे तसा दाबूनच धरला. मग मात्र त्यांनी मान हलवली नाही.

इतक्या वर्षांची ओळख, आणि सगळं नवीन. आवाज ओळखीचे होते. हा भोंगा वाजला की साप येतो, हे दगड घासले की विंचू येतो. पण साप दिसला तेव्हा त्यांची निराशाच झाली. या फुगवलेल्या ट्यूबला बघून एवढी माणसं दचकत होती? विंचू बरा होता. नावाडी तर नुसता देखणा, तोंडावरची माशी हलेना.

मग दलदल्या आला. चिखलातून आधी लव्हाळी वर आली, मग खांदे, मग तोंड. तो एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा, पुढचं टाकावं की नाही असा विचार केल्यासारखा. झटके तर होतेच. प्रत्येक हालचालीला त्याचं अंग किंचित थरथरत होतं. आणि मग ती जागा आली, वाद्य थांबायचं ती. मास्तर पुढे सरकले. डोंगर कोसळला नाही, तलवारही निघाली नाही. दलदल्या एका दगडावर बसला. पाय उचलून त्यानं मांडीवर घेतला आणि कड्याखाली अंगठा घालून घोटा चोळायला लागला. बस्, एवढंच. कडं रुतत होतं तिथे तो चोळत होता आणि समोर कुठेतरी बघत होता.

हॉल चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत लेकीच्या पलीकडून रेडिओ हसला. मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल असा. परत एकदा हसला.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. दलदल्या चिखलाकडे निघाला तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठले. कुणीतरी येईल, दार उघडायला हवं, असं क्षणभर वाटलं. मग ते परत बसले. दलदल्या बुडाला. या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दिवे लागल्यावर क्लबच्या बाई माईक घेऊन उभ्या राहिल्या. सेवानिवृत्त असाव्यात, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज मात्र खणखणीत. लोक एकेक करून बोलायला लागले. एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी थरकाप व्हायचा, आता तसे राक्षस होत नाहीत आणि तसे प्रेक्षकही नाहीत. कॉम्प्युटरवर चित्रं हलवणारी एक मुलगी म्हणाली, "झटके दिसतात हे खरं, पण त्यामुळेच कुणाचा तरी हात लागलाय हे कळतं. आमची चित्रं लोण्यासारखी चालतात आणि कुणाच्या लक्षात राहत नाहीत." एक डॉक्टर म्हणाले, गोष्टीत काही दम नाही, आणि खरी बाहुली कुठली असेल तर तो नावाडी. यावर बराच हशा पिकला. एक आई तक्रार करत होती की पोस्टरवर लहान मुलांसाठी असं का लिहिलं. तिचा मुलगा तिच्या मांडीवर गाढ झोपला होता.

रेडिओनं हात वर करून सांगितलं, "आमचे काका ज्या थिएटरात होते तिथे हा लागायचा." माईक मास्तरांच्या हातात आला.

मास्तर उभे राहिले. पहिल्या वाक्याला आवाज कापला, मग सवयीनं सुरात लागला. लोक काय म्हणायचे ते त्यांनी सांगितलं. शिंपी, खाटीक, लकव्याचा म्हातारा, शिक्षिका, सगळे त्यांच्या आवाजात बोलून गेले. हॉल पोट धरून हसला. डॉक्टर तर रुमालानं डोळे पुसत होते. मास्तर बसायला लागले तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि तुमचं मत?"

"माझं?"

"हो. तुम्हाला कसा वाटला?"

सवयीनं मास्तरांनी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघितलं, पण सगळे चेहरे त्यांच्याचकडे बघत होते. तिथून काही मिळण्यासारखं नव्हतं.

"साप अगदी टाकाऊ आहे," ते म्हणाले. "सायकलची ट्यूब दिसते."

लोक हसले. ते थांबले नाहीत. "तो राक्षस बुडतो, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. माझ्या बायकोला वाटायचं. मला वाटलं होतं, मलाही वाटेल. पण नाही वाटलं. पण तो पाय चोळत बसतो ना, तिथे..." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "एवढा मोठा जीव. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तुला काय हवंय. आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं."

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण तो राक्षस आहे. त्याला बोलता येत नाही."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. लेक मान खाली घालून पिशवीचा पट्टा सारखा करत होती.

वाचनालयाच्या खाली चहाचं दुकान होतं. रेडिओ चहा आणायला काउंटरवर गेला आणि तिथे चहावाल्याशी बोलत उभा राहिला. मास्तर टेबलावर हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "मला नाही आवडला."

"सगळाच नाही आवडला? आत्ता तर तुम्ही..."

"सिनेमा नाही. हा."

लेकीनं काउंटरकडे बघितलं, मग बापाकडे. आयुष्यात बापानं असं सरळ वाक्य तिच्यापुढे कधी ठेवलं नव्हतं. तिला राग यायला थोडा वेळ लागला. "का?"

"तो पाय चोळत होता तेव्हा हा हसला. सगळे गप्प होते, आणि हा हसला. असल्या जागी हसणाऱ्याला कशाचं काही नसतं."

लेक बोलली तेव्हा आवाज खाली आला होता. "बाबा, मागं आमच्या एका माणसाचा पाय लिफ्टखाली सापडला होता. त्याला बाहेर काढेपर्यंत रेडिओ खड्ड्यात त्याच्याजवळ बसून होता. आणि सारखा हसत होता. वरून सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. त्या माणसाला दवाखान्यात नेल्यावर हा जिन्यात जाऊन ओकला. त्याला भीती वाटली की तो हसतो. त्याला आवरत नाही ते." ती थांबली. "तुम्ही त्याचा चेहरा बघितला होता का, तो हसला तेव्हा?"

मास्तरांनी आठवून बघितलं. भीतीचं हसू त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. अंधारात त्यांनी ते किती तोंडांवर बघितलं होतं. ओठ हसतात आणि डोळे दार शोधतात. नुसती मान वळवली असती तरी कळलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "मी पडदा बघत होतो."

रेडिओ तीन कप सांभाळत आला. चहात आलं जास्त पडलंय, चहावाल्याचा भाऊ आपल्याच गल्लीत राहतो, हे सगळं सांगत बसला. मास्तरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. पापण्या लालसर होत्या. तरी एक कप चहात बदलायला मत म्हणजे काही कपडे नव्हते.

पुढे काही दिवस लेक आली नाही. मग फोन आला. "मी तुमचं ऐकणार नाहीये," ती म्हणाली.

"नको ऐकूस. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"या वेळी मी विचारलंच नव्हतं."

"मग फुकट सांगितलं असं समज."

फोनवर ती हसली. तिचं हसणं कुठल्या जातीचं आहे हे त्यांना तोंड न बघताही समजलं. पावसाळा संपता संपता तिनं आणि रेडिओनं कचेरीत जाऊन लग्न केलं. मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली. शेजाऱ्यांनी विचारलं, जावई कसा आहे. त्यांनी सांगितलं, "अजून ठरलं नाही माझं." शेजारी एकमेकांकडे बघत राहिले.

ते ठरलं एका दुपारी. लेक आणि जावई जवळच्याच एका इमारतीत कामाला आले होते. लेकीचा डबा घरी राहिला, म्हणून मास्तर तो घेऊन गेले. चौथ्या मजल्यावर जिन्यात ही गर्दी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक म्हाताऱ्या बाई होत्या. लेक वर यंत्रापाशी होती. रेडिओ जमिनीवर आडवा पडून, दाराच्या फटीला तोंड लावून, त्या बाईंना गोष्ट सांगत होता. कुठल्याशा पाहुण्याची, त्याच्या पगडीची आणि एका बकरीची. गोष्ट संपता संपत नव्हती. आतून बाईंचा आवाज आधी रडवेला येत होता. मग "पुढे?" असा यायला लागला.

जिन्यातल्या लोकांची आपापली मतं चालू होती. एकजण म्हणाला, बाई आत घुसमटतेय आणि याला गप्पा सुचतायत. दुसरा म्हणाला, कंपनीला कळवायला हवं, काम एक बाई करतेय आणि हा लोळतोय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकून फटीशी असलेल्या त्या चेहऱ्याकडे बघितलं. रेडिओच्या कपाळावरून घाम टपकत होता, तोंड हसत होतं आणि हात फरशीवर घट्ट दाबून धरलेले होते.

"तुम्हा सगळ्यांचं चुकतंय," मास्तर सरळ होत म्हणाले. "तो त्याचं काम करतोय. तुम्ही जरा जिना मोकळा करा, हवा येऊ द्या."

लोकांनी या चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडे चमकून बघितलं. एकानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बघणारा," मास्तर म्हणाले. "पण हे माझं मत आहे."

थोड्या वेळानं लिफ्ट गचका खाऊन वर सरकली आणि दार उघडलं. बाईंना बाहेर घेतलं, खुर्ची दिली, कुणी पाणी आणलं. बाईंनी पाण्याचा पेला हातानं बाजूला सारला आणि रेडिओला म्हणाल्या, "ते राहू दे. बकरीचं काय झालं ते आधी सांग."

रेडिओनं सांगितलं. सगळा जिना हसला, बाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मास्तरांना मात्र तो शेवट मुळीच आवडला नाही, आणि डबा लेकीच्या हातात देऊन जिना उतरता उतरता त्यांनी जावयाला तसं सांगून टाकलं.